शालिनीकाकींची आगोट

सांडोरच्या शालिनीकाकींचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागाहून. मला लिहायची सवय नाही. लिहिताना घाबरते, आणि घाबरले की मुख्य तेच राहून जातं. बाकी काही राहिलं तरी चालेल, काकींचं नाव राहून चालणार नाही. त्यांच्यानंतर त्यांचा पुतण्या भास्कर. आणि बोळिंजच्या त्या इमारतीतली माणसं, ज्यांनी खांद्यावरून ओझं सातव्या मजल्याच्या वर चढवलं. त्यातल्या निम्म्यांची नावं मला आजही माहीत नाहीत.

मी आजारी माणसांच्या घरी राहून त्यांची सेवा करते. लोक सिस्टर म्हणतात, पण सिस्टर शिकलेल्या असतात. आम्हाला ब्युरो पाठवतो. पेशंटला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, गोळ्या द्यायच्या, भांडं द्यायचं, काढायचं. हे सगळं कुणालाही शिकता येतं. खरं काम लक्ष ठेवायचं. माणूस रोज कसा श्वास घेतो ते कानात बसलं पाहिजे, म्हणजे तो वेगळा झाला की आपण भाजी चिरतानासुद्धा सुरी खाली ठेवतो.

मी आठवीत शाळा सोडली. आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, रिसोडच्या अलीकडे. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात, आणि घरात आई एकटी. मग लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि गावातल्या एका बाईच्या ओळखीने मी इकडे विरारला आले. आईला वाटतं मी दवाखान्यात आहे. आमच्याकडे सेवा म्हणजे दवाखानाच.

स्वभावाने मी भित्री. दाराची कडी दोनदा बघणार, गॅस तीनदा. पण या कामात भित्र्या बाईला किंमत आहे, हे मी थोडं तोऱ्यातच सांगते. धीट बाया झोपून जातात.

माझं पहिलं काम वसईजवळच्या सांडोरला, काकींच्या घरी. काकींच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. घराच्या मागे केळीची बाग, अळूचे वाफे, विहीर. मी कोरड्या मुलखातली, मला एवढ्या हिरव्याचीच पहिले काही दिवस भीती वाटायची. काकी घरच्यांशी त्यांच्या बोलीत बोलायच्या, ती मला अर्धीच कळे. माझ्याशी साधं बोलायच्या, पण हुकूम दोन्ही बोलींत सारखाच.

वसईच्या जुन्या घरांत आगोट भरतात. पाऊस यायच्या आधी पावसाळाभराची बेगमी करून ठेवायची, ती आगोट. तांदूळ, वाल, मीठ, मसाला, सुके बोंबील, कोरडं लाकूड. राजेळी केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवायची. पाऊस लागला की रस्ता बंद, वीज बंद, असं पूर्वी दर वर्षीच व्हायचं म्हणे. आता दुकानं दारात आली म्हणून बऱ्याच घरांनी सोडलं. काकींनी नाही सोडलं.

त्यांच्या आगोटीत दोन गोष्टी होत्या, ज्या मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिल्या नाहीत.

एक म्हणजे जोडी. काकींच्या घरात कामाची वस्तू एकटी ठेवायची नाही. कंदिलाच्या कडीला काडेपेटी, तीसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत. रॉकेलच्या डब्याच्या कानाला नरसाळं. स्टोव्हच्या पायाला पिन. बॅटरीला रबर लावून तिचे सेल, बाहेरच्या बाजूने, म्हणजे आत राहून फुटायला नकोत. सगळं परकराच्या जुन्या नाड्यांनी बांधलेलं. पहिल्याच आठवड्यात मी आवरायला म्हणून नरसाळं सोडून मोरीत नीट लावून ठेवलं.

"नरसाळं कुनी सोडलं?" काकी ओरडल्या.

"मी. मोरीत ठेवलंय, काकी. धुऊन."

"धुऊन ठेवलंस ते बरं केलंस. आता अंधार पडल्यावर तुझ्या मोरीत कोन जानार? एकट्या वस्तूचा उपयोग शून्य. जोडी मोडू नको, पोरी."

दुसरी गोष्ट म्हणजे तालीम. पावसाच्या आधी, भर उन्हाळ्यात, एखाद्या सकाळी काकी अचानक पडवीत येऊन सांगायच्या, "वादळ आलं!" आणि मेन स्विच बंद करायच्या. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, कावळेसुद्धा सावलीत बसलेले, आणि आमच्या घरात वादळ! मग संध्याकाळपर्यंत वीज नाही, मोटर नाही, फ्रीज नाही, दुकानात जायचं नाही. पाणी विहिरीतून रहाटाने काढायचं, रांधायचं चुलीवर. जी वस्तू हाताला लागली नाही ती घरात नाही असं समजायचं. "कपाटात आहे, किल्ली शोधते" असं म्हटलं की काकी म्हणत, "म्हनजे नाही."

मी विचारलं होतं, "काकी, खऱ्या पावसात बघू ना. आत्ता कशाला घामाघूम व्हायचं?"

"खऱ्या पावसात चुकलीस तर सासूबाई जातील. आत्ता चुकलीस तर मी नुसती शिव्या देईन. काय बरं पडतं?"

सासूबाईंना ही तालीम फार आवडायची. खाटेवर पडल्या पडल्या त्या परीक्षकासारख्या हाका मारत, "हिला विचारा, माझ्या गोळ्या कुठं?" सापडल्या तर हसायच्या, नाही सापडल्या तर जास्त हसायच्या. त्या गेल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यानंतर मला त्या घरात राहायचं कारण उरलं नाही. निघताना काकींनी माझ्या पिशवीत सुकेळी घातली आणि म्हणाल्या, "दर आगोटीला फोन करायचा. पेशंट कोन, घर कुठं, कितवा मजला, सांगायचं." मला वाटलं, चौकशी करायची त्यांना सवयच आहे.

नंतर मी बरीच घरं पाहिली. फुलपाड्यात एका मावशींना इन्सुलिन लागायचं. त्यांच्याकडे फ्रीज होता, पण वीज गेली की त्या इन्सुलिनची बाटली हातात धरून रडायला बसायच्या. मी काकींकडे पाहिलं होतं तसं दोन मडकी आणायला लावली. मोठ्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. डॉक्टरांनाही विचारून घेतलं, ते म्हणाले थोड्या वेळासाठी चालेल. मावशी मडक्याला रोज हळदकुंकू लावायला लागल्या ते सोडलं तर सगळं ठीक झालं.

दुसऱ्या एका घरात बाईंनी ट्रंक भरून मेणबत्त्या ठेवल्या होत्या. रंगीत, वासाच्या, फुलाच्या आकाराच्या. वीज गेली तेव्हा सगळं घर गॅसचा लायटर मेणबत्तीजवळ धरून टकटक करत बसलं. ठिणगीने मेणबत्ती पेटत नाही. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर, गॅस कधीचाच संपलेला, आणि काडेपेटी देवघरातसुद्धा नव्हती, कारण देवापुढे सेलवरचा दिवा. शेवटी शेजारच्या सिगारेट ओढणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांना त्या घरात एरवी पाऊल टाकू देत नव्हते. काका ऐटीत आले, मेणबत्ती पेटवली आणि विचारलं, "आता मी इथेच एक ओढू का?"

मी हसले, पण मनात म्हटलं, काकी असत्या तर ट्रंकेच्या कडीला काडेपेटी बांधली असती.

मग विरारच्या पश्चिमेला बोळिंजचं घर. नव्या संकुलात सातवा मजला, सगळ्यात वरचा. पेशंट नाना, सरकारी कचेरीतून निवृत्त. फुप्फुसं थकलेली, म्हणून दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन. हे मशीन विजेवर चालतं, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात देतं. घुर्र घुर्र असा आवाज घरभर. नाना त्याला "आमचं म्हातारं मांजर" म्हणायचे. वीज गेलीच तर म्हणून एक सिलिंडर आणून ठेवलेला. मुलगा प्रशांतदादा, सून स्वातीवहिनी, दोघंही मुंबईला नोकरीला जाणारे. चांगली माणसं. मला ताटात त्यांच्यासारखंच वाढायचे.

उन्हाळा संपत आला तेव्हा मला झोप लागेना. काकींच्या घरी राहिलेली मी, तालमीचं वादळ न येताच पाऊस येणार म्हटल्यावर जीव घाबरा झाला. पण दुसऱ्याच्या घराचा मेन स्विच बंद करू द्या असं कसं म्हणायचं? शेवटी एका रविवारी नानांनाच सांगितलं. नाना खूश. "प्रशांत!" त्यांनी हाक मारली, "वंदनाबाईंना आज घरात वादळ आणायचंय. आण म्हणावं."

"ताई, आपल्याकडे इन्व्हर्टर आहे," दादा म्हणाले.

"हो दादा. फक्त बघू या."

स्वातीवहिनींनी स्विच पाडला. इन्व्हर्टरने दिवे लावले, पंखा लावला, पण मशीन जोडलं तसा चहा उकळायच्या आत टीं टीं करून गप्प झाला. बॅटरी लहान होती. "मोठी घेऊ," दादा म्हणाले, "गणपतीनंतर." मग सिलिंडर. तो भरलेला होता, नळी होती, पाण्याची बाटली होती. पण सिलिंडरचा वरचा व्हॉल्व्ह हाताने उघडत नाही, त्याला पाना लागतो.

"पाना कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या टूलबॉक्समध्ये," दादा म्हणाले.

"आणि टूलबॉक्स?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

गाडी सर्व्हिसिंगला दिलेली होती. नाना इतके हसले की मला त्यांना पुढे वाकवून बसवावं लागलं. "म्हणजे माझा श्वास गॅरेजमध्ये आहे तर!"

वहिनींनी लगेच स्विच चालू केला. दादा खाली गेले आणि दुकानातून नवा पाना घेऊन आले. मी माझ्या पिशवीतून परकराची नाडी काढली आणि पाना सिलिंडरच्या मानेला बांधला. त्या दिवशी वहिनी आणि मी दोघींनी आलटून पालटून सिलिंडर उघडून पाहिला. वहिनींना पहिल्या झटक्यात जमलं, मला तीनदा जोर लावावा लागला. पण उघडता दोघींनाही आला.

त्या वर्षीच्या आगोटीला मी काकींना फोन केला. "नाना म्हणून आहेत. ऑक्सिजनवर. बोळिंज, सातवा मजला." काकींनी इमारतीचं नाव दोनदा विचारून घेतलं.

पावसाळा मध्यावर आला आणि मग एकदा असा लागला की थांबेचना. सकाळी खिडकीतून पाहिलं तर खालचा रस्ता नव्हता, नुसतं मातकट पाणी आणि त्यात गाड्यांची टपं. दादा आदल्या दिवशीच मुंबईत अडकलेले. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं, म्हणून इमारतीची वीज बंद करावी लागली. बंद केली ते बरोबरच, नाहीतर पाण्यात करंट उतरला असता. लिफ्ट थांबली, पंप थांबला, आणि आमचं म्हातारं मांजर थांबलं.

त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

माझे हात सिलिंडरकडे गेले. नाडी, पाना, व्हॉल्व्ह. डोळे मिटूनही उघडला असता. सिलिंडरचा सुस्कारा ऐकू आला, नाना म्हणाले, "वादळ आलं वाटतं." वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला, ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी सिलिंडरवरची काचेतली गोळी ते म्हणाले तेवढ्या आकड्यावर आणून ठेवली. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा कुठपर्यंत चालेल तेही विचारून घेतलं. आपल्या मनाने ऑक्सिजन कमी-जास्त करायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगते. मग एक फोन चालू ठेवला, बाकीचे बंद. नानांना टेबलावर उशी ठेवून पुढे वाकवून बसवलं, तसं बसलं की श्वासाला जागा मिळते. जास्त बोलू दिलं नाही. ही त्यांना सगळ्यात मोठी शिक्षा होती.

पिण्याचं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. खायलाही होतं. पण सिलिंडर एकच. सिलिंडरवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, माझ्या गोडाऊनमधे कमरेएवढं पाणी आहे. आलो असतो हो." पुढे फोनची रेंजच गेली. वहिनी इमारतभर फिरून आल्या. कुणाकडे इन्व्हर्टर होता, पण तेही एव्हाना संपत आलेले. ज्याने त्याने जे होतं ते देऊ केलं, अगदी मोटारीच्या बॅटऱ्यासुद्धा, पण त्या मोटारी पाण्याखाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याला टेकायला आला. पाऊस चालूच. वहिनी खिडकीत उभ्या, मी काट्यासमोर. त्या काट्याकडे बघत मी काय विचार करत होते ते सांगते. मी आईचा विचार करत होते. फोन बंद व्हायच्या आधी तिचा आला होता, "काऊन वं, तिकडं लय पाणी आलं म्हन्ते! तू कुठं हायेस?" मी म्हटलं, "वरच्या मजल्यावर आहे, काळजी करू नको." ती म्हणाली, "म्या इथं एकटी बसून दुसरं काय करू?" माझ्या सगळ्या तयाऱ्या दुसऱ्यांच्या घरी. आईच्या घरात रॉकेलच्या चिमणीला काडेपेटी बांधलेली आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

नाना माझ्याकडे बघत होते. "वंदनाबाई," ते हळूच म्हणाले, "आपण जमेल तेवढं केलंय. रडायचं असेल तर स्वातीच्या नकळत रडा."

"बोलू नका, नाना."

"हे शेवटचं."

"हे तर मुळीच बोलू नका."

तेवढ्यात खाली कुणीतरी मोठ्याने ओरडत होतं. वहिनींनी वाकून पाहिलं. "ताई, ट्रॅक्टर आलाय!"

मला आधी कळलंच नाही. ट्रॅक्टर म्हणजे आमच्या गावाकडची वस्तू. खिडकीत जाऊन पाहिलं तर चॉकलेटी पाण्यातून एक ट्रॅक्टर फाटकातून आत येत होता आणि वर ताडपत्री पांघरलेला भास्कर. त्याने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "वंदनाताई कितव्याला?"

जिना उतरताना धावले तेवढी मी आयुष्यात कधी धावले नाही.

"तू कसा काय?"

"काकी काल सकाळपासून तुला फोन लावते. लागला नाही. बोलली, पोरीचा फोन लागत नाही म्हनजे तिच्याकडं वीज नाही, आनि वीज नाही म्हनजे तिचा म्हातारा अडचनीत. मी बोललो, पानी उतरू दे. तर बोलली, तू राहा, ट्रॅक्टर मी चालवते." भास्कर पाणी निथळत हसला. "तिचं काय सांगता येत नाही, म्हनून आलो. काल अर्ध्या वाटेतनं परत फिरलो, आज आगाशीकडनं वळसा घातला."

ट्रॅक्टरच्या मागे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, बागेतल्या मोटरीसाठी घेतलेला छोटा जनरेटर होता. आणि पेट्रोलचा कॅन. कॅनच्या कानाला परकराच्या नाडीने नरसाळं बांधलेलं.

मी ते नरसाळं पाहिलं आणि जिन्यातच बसले. भास्करने मला उठवलं.

चौथ्या मजल्यावरचे, दुसऱ्यावरचे, कुठून कुठून माणसं आली आणि जनरेटर वर चढला. एका काकांनी आमच्या बाल्कनीत ठेवू या म्हटलं, तर भास्कर म्हणाला, "नको. धूर घरात शिरला तर सगळ्यांनाच झोपवेल." जनरेटर उघड्या गच्चीवर ठेवला, वर आडोसा केला, आणि आमचा फ्लॅट गच्चीखालीच म्हणून वायर खिडकीतून आत सोडली. मांजर पुन्हा घुर्र घुर्र करायला लागलं, तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता.

भास्करने पिशवी उघडली. सुक्या पानात बांधलेली सुकेळी. "काकी बोलली, मशीन चाललं की सगळ्यांनी हे खा. त्याच्या आधी नाही."

नानांनी नळी सांभाळत एक तुकडा चघळला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. मग म्हणाले, "या बाईंनी कचेरीत असायला हवं होतं. पण मग बाग कुणी पाहिली असती?"

नाना पुढच्या उन्हाळ्याचे आंबे खाऊन गेले. आपल्या अंथरुणात, वीज चालू असताना. वहिनी अजून फोन करतात. हे लिही म्हणून त्यांनीच मागे लागून सांगितलं. त्यांच्या संकुलात आता पावसाच्या आधी एका रविवारी वीज बंद करून बघतात. पहिल्या वेळी निम्मी माणसं चिडली, बाकीची गच्चीवर जाऊन भेळ खात बसली. हळूहळू होईल.

पाणी उतरल्यावर मी काकींकडे जाऊन पाया पडले. मला विचारायचं होतं की एवढ्या पावसात, मी तुमच्या घरातून निघून गेलेली असताना, तुम्ही माझा फोन का लावत बसलात. काकी वाल निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आगोटीत नुसतं तांदूळ-मीठ मोजतात काय? मानसं पन मोजावी लागतात. कोन कुठं आहे, कुनाकडं काय नाही. तू मोजनीत होतीस."

मोजणीत होतीस. मी विरारच्या पूर्वेला एका खोलीत तिघींबरोबर राहते, तेही दोन कामांच्या मधले दिवस. माझी सगळी आगोट एका पिशवीत मावते. बॅटरी, तिचे सेल, काडेपेटी, नाड्या. स्विच बंद करायला माझं घर नाही. कधी कधी वाटतं, एकदा आपल्या घराच्या ओट्यावर उभं राहून "वादळ आलं" म्हणावं आणि आईने आतून चिमणी घेऊन यावं. गेल्या वेळी गावी गेले तेव्हा तिच्या चिमणीला मी काडेपेटी बांधली. आई म्हणाली, "हे काय वं येड्यावानी!" पण सोडली नाही. फोनवर विचारते तेव्हा सांगते, "हाये, हाये, बांधेल हाये."

काकी आता थकल्या. मुलं लांब, दोघंही परदेशात. गुडघे चालत नाहीत, रहाट भास्कर ओढतो. या वर्षीच्या आगोटीला मी फोन केला तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "या पावसात कोन आहे तुझ्याकडं?" मी सांगितलं. मग पहिल्यांदाच विचारलं, "काकी, आणि तुमच्याकडे कोण आहे?"

काकींनी भास्करला रहाट थांबवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "विहीर आहे. भास्कर आहे. तू तुझं बघ, पोरी."

काकी, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहून ठेवते. तुम्ही माझ्या मोजणीत आहात. तुम्हाला कुशीवर वळवायची वेळ आली तर ते हात ब्युरोने पाठवलेल्या कुणा नव्या मुलीचे नसतील, माझे असतील. आणि ज्या पावसात तुमचा फोन लागणार नाही, त्या पावसात पाणी उतरायची वाट मी बघणार नाही. मी निघालेली असेन.